सगळीच काळी करून टाकू

माझं नाक गेलं त्याला वीस वर्षं झाली. म्हणजे चेहऱ्यावर आहे जागच्या जागी, चांगलं लांब, दुसऱ्याच्या भानगडीत खुपसायला पुरेसं. पण वास म्हणाल तर शून्य. दूध नासलं की शेजारीण येऊन सांगते. गॅसवर काही करपलं तर मला धूर दिसल्यावर कळतं.

आमचं बूट रंगवायचं दुकान. बूट, पट्टे, पर्सा, काय आणाल ते रंगवून देऊ, पण खरी ख्याती काळ्याची. बाजारातला तयार रंग पाण्यातला असतो, तो चामड्यावर नुसता बसतो. आमचा आत शिरायचा. पावसात निघायचा नाही, वर्षभर विटायचा नाही. काळी पूड यायची पुड्यातून आणि ती विरघळवायला एक तेल यायचं पत्र्याच्या डब्यातून. डब्यावर नाव होतं ॲनिलिन. डबा आणून देणारा विक्रेता मोठा बोलका. म्हणायचा, "बाई, हे कोळशाच्या डांबरातून निघतं. त्या काळ्याकुट्ट घाणीतून हे पाण्यासारखं तेल काढतात आणि या तेलातून जगभरचे रंग. तुमच्या अंगावरचा निळा आहे ना, तो याचाच नातू." मला भारी नवल वाटायचं. डांबराच्या पोटी निळा! मग लाल कसा होतो, पिवळा कसा होतो, ताजं तेल पाण्यासारखं असतं ते डब्यात राहून तपकिरी का पडतं, असं विचारून मी त्याला भंडावून सोडायचे. चहा संपला की तो जीव घेऊन पळायचा.

त्या तेलाला भयंकर वास येतो म्हणतात. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की आधी नाकाला रुमाल लावायचं, मग बूट पुढे करायचं. "काय हो, मासे कुजलेत का इथं?" मी म्हणायचे, "बूट काळा हवाय की सुवासिक?" सुरुवातीला मलाही यायचा वास, खोटं कशाला बोलू. मग येईनासा झाला. मला वाटलं, चला, सवय झाली.

नवऱ्याने दुकानात एक नियम घालून दिला होता. रंगवलेला बूट दोन दिवस वाळल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही. ओला दिला तर मोजे काळे होतात, आणि मोजे काळे झालेलं गिऱ्हाईक पुन्हा तोंड दाखवत नाही. हा नियम मी परक्यांच्या बाबतीत एकदाही मोडला नाही. घरच्यांची गोष्ट वेगळी. घरच्यांचे बूट आठवायचे ते निघायच्या घाईत. ब्रश मारायचा आणि "जा, वाटेत वाळतील" म्हणायचं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

आता नवरा. त्याला मी अरे-तुरेच करायचे. लग्नाआधी दोन वर्षं आम्ही एकाच बाकावर बसून दुसऱ्याच्या दुकानात बूट घासलेले, मग अहो-जाहो कुठून आणू? तो गेला तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. कसा गेला ते मी गिऱ्हाइकांना सांगायचे, पाहुण्यांना सांगायचे, मुलाला तर शंभरदा सांगितलं असेल. आणि सांगताना सगळ्यांना हसवायचे. तुम्हालाही तेव्हा सांगायचे तसंच सांगते.

"उन्हाळ्याचे दिवस. याने नवी पँट घेतली, पांढरी! बूट काळे करणाऱ्याने पांढरी पँट घ्यावी? मी म्हटलं, अक्कल काय दुकानदाराकडे ठेवून आलास? व्हायचं तेच झालं. सकाळी अकराच्या सुमाराला रंगाचं अख्खं पातेलं मांडीवर. बसला बिचारा डोक्याला हात लावून. मी म्हटलं, रडतोस काय? डाग दिसतो कशामुळे? बाजूच्या पांढऱ्यामुळे. पांढरं ठेवायचंच नाही. ऊठ, सगळीच काळी करून टाकू! तो पँट काढायला लागला तर मी काढू देईना. चामडं आपण साच्यावर चढवून का रंगवतो? ताणलेल्यावर रंग सारखा बसतो म्हणून. मग तुझ्यापेक्षा चांगला साचा कुठला? केला स्टुलावर उभा, घेतला मोठा ब्रश, आणि कमरेपासून घोट्यापर्यंत पुढून मागून रंगवून काढला. हा गोल गोल फिरतोय, दारात दोन गिऱ्हाइकं टाळ्या वाजवतायत. दिवसभर तीच पँट घालून मिरवला. संध्याकाळी नव्या पँटीच्या खुशीत मित्राबरोबर दोन पेले घेऊन आला. जिना चढला, धाप लागली म्हणाला, आडवा झाला. ओठ निळे, नखं निळी. डॉक्टर येईपर्यंत खलास. हार्ट! पण पँट काय झाली होती सांगू, एक ठिपका पांढरा नाही. निदान नव्या कोऱ्या पँटीत गेला."

लोक हसायचे आणि मग डोळे पुसायचे. मीही पुसायचे. दुःख हसत सांगितलं तर लोक बसून ऐकतात, रडत सांगितलं तर घड्याळाकडे बघतात.

तर बापाचं हार्ट. मग मुलाचं आलं.

दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या दिवशी पोराचं डोकं दुखायचं आणि तोंड फिकट निळसर व्हायचं. बाई म्हणायच्या, शाळेचा धसका. दुसऱ्या दिवशी ठणठणीत. पण अकरा वर्षांचा असताना माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात तो पोरांबरोबर पळापळ करत होता आणि मांडवातच कोसळला. ओठ बापासारखे निळे. तसाच उचलून डॉक्टरांकडे नेला. डॉक्टरांनी विचारलं, वडील कशाने गेले? म्हटलं, हार्टने. त्यांनी मान हलवली. मशीनवर काही दिसलं नाही, पण म्हणाले, कधीकधी दिसत नाही, बापाचं आलं असेल, जपा. पळू देऊ नका, जिने चढताना थांबू द्या, जड बूट नकोत, हलके कापडी घाला.

मी जपलं. अहो, तळहातावरच्या फोडासारखं जपलं! पोरगा उठला की "हळू", उतरला की "हळू", खाली पोरं खेळायला लागली की खिडकीतून "अरे हळू!" गल्लीतल्या पोरांनी त्याचं नावच हळू ठेवलं. दुकान तळमजल्यावर आणि घर त्याच इमारतीत चौथ्यावर, लिफ्ट नाही. म्हणून दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी त्याच्यासाठी एक स्टूल ठेवलं. येताजाता बसायचं, शंभर मोजायचे, मग पुढे. अख्खी इमारत त्याला हळूचं स्टूल म्हणते. आणि जपल्याचा गुणही आला. बारा वर्षांत पोरगा पुन्हा एकदाही निळा पडला नाही.

मोठा झाल्यावर बंदराच्या कचेरीत कारकून म्हणून लागला. टेबल खिडकीजवळ. समोर क्रेन. याचं लक्ष कागदात कमी आणि क्रेनमध्ये जास्त. एक दिवस येऊन सांगतो, क्रेन चालवायची परीक्षा दिली, लेखी पास झालो, हाताची पास झालो, आता फक्त डॉक्टरी तपासणी. मी कपाळावर हात मारला. "हार्टवाला पोरगा आणि क्रेन! वर चढायला किती पायऱ्या?"

"दीडशे," म्हणाला.

"वर स्टूल कोण ठेवणार? मी?"

मला वाटलं हसेल. हसला नाही. म्हणाला, "आई, मी तेवीस वर्षांचा झालो आणि आजपर्यंत एकदाही पळत जाऊन बस पकडली नाही. सुटलेली बस सुटू दिली. ही एक बस मला पकडू दे."

मी तपासणीचं पत्र हातात घेतलं.

पत्रात लिहिलं होतं, तपासणीला काळे चामडी बूट घालून या. याच्याकडे कापडी. गिऱ्हाइकांनी न नेलेल्या बुटांच्या फळीवरून एक तपकिरी जोड त्याच्या मापाचा निघाला. कधी आठवलं? तपासणीच्या दिवशीच, सकाळी सहा वाजता! दोन हात मारले, चकाचक केले, आणि ओलेच पायात चढवून त्याला पाठवला. "बसमध्ये वाळतील," मी म्हटलं.

चार वाजता परत आला. दारात उभा राहिला आणि माझ्या हातातला कप खाली पडला. ओठ निळे, नखं निळी. मी त्याला धरून बसवायला गेले तर म्हणतो, "काही होत नाहीये गं, नुसतं डोकं दुखतंय." हातात कागद. तूर्तास अपात्र, दहा दिवसांत पुन्हा तपासणी.

मी बूट-मोजे काढले, पाय पुसले, आडवा केला आणि उशाशी बसून विचारलं, काय काय झालं ते सगळं सांग. बंदराच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण आहे. तिने नळी लावून छाती ऐकली, पुन्हा ऐकली. मशीन लावलं. मग दंडातून रक्त काढलं, तर ते लाल नाही, काळपट तपकिरी, कॉफीसारखं. बाटली खिडकीशी धरून ती हलवत बसली. म्हणाली, हवा लागली की रक्त लाल व्हायला पाहिजे, हे होत नाहीये. मग याला दोन तास झोपवून ऑक्सिजन दिला. ओठ बरे व्हायला लागले तेव्हा सोडला.

"आणि म्हणाली, तुझं हृदय घोड्यासारखं आहे," हळू म्हणाला.

"कुणासारखं?"

"घोड्यासारखं. म्हणाली, भानगड रक्तात आहे, बाहेरून काहीतरी आत जातंय. काय खाल्लं, प्यायलं, कशाला हात लावला, सगळं आठवून लिहून आण. पण एक अडचण आहे. फॉर्मवर वडिलांच्या रकान्यात मी हार्ट लिहिलंय. ते तिथे असेपर्यंत तिला सही करता येणार नाही. ते कशावरून, ते विचारून ये म्हणाली."

घोड्यासारखं! बारा वर्षं मी ज्याला काचेच्या भांड्यासारखं वागवलं तो पोरगा घोडा? मला राग आला, हसू आलं, भीतीही वाटली. आणि खरं सांगू, सगळ्यात जास्त उत्सुकता वाटली. माझा स्वभावच मेला तसा. एखाद्या बुटाचा रंग का उडाला ते कळेपर्यंत मला जेवण गोड लागत नाही. इथं तर माझ्या पोटच्या पोराचा रंग उडाला होता.

ऑर्डरच्या वहीची मागची पानं फाडली आणि दोघं बसलो लिहायला. तो आयुष्यात कधी कधी निळा पडला? शाळेचा पहिला दिवस, दरवर्षी. मावशीचं लग्न. आजचा दिवस. खाणं? तिन्ही वेळी वेगळं. पळणं? लग्नात पळाला, पण शाळेत आणि दवाखान्यात नुसता बसला होता. घाबरणं? "लग्नात मी कशाला घाबरेन," म्हणाला, "लग्न मावशीचं होतं." सगळं खोडत गेलो. एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जाईना. दवाखान्यात ओठ बरे झाले होते. मग घरी येईपर्यंत पुन्हा निळे का पडले?

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगा गुलाबी. कामावर गेला. तेवढ्यात शेजारीण वाटी मागायला आली आणि दारातच थांबली. नाकाला पदर. "तुमचं दुकान वर आणलंत की काय? काल संध्याकाळपासून आमच्याकडेही तोच वास."

मी म्हटलं, "काहीतरीच! डबा खाली कुलपात आहे."

"मग हा कसला?" ती वास काढत काढत आत आली आणि हळूच्या पलंगाखाली वाकली. बोट दाखवलं. बूट.

बाई वाटी घेऊन गेली. मी तिथेच फरशीवर बसले. एक बूट उचलून नाकाशी धरला, काही नाही. पण तिला भिंतीपलीकडून येत होता! म्हणजे एवढं तेल त्या बुटातून अजून निघत होतं, आणि काल त्यात माझ्या पोराचे पाय होते. शाळेचा पहिला दिवस म्हणजे सकाळी काळे केलेले बूट. बहिणीचं लग्न, सकाळी काळे केलेले बूट. दवाखान्यात तपासणीला बूट काढले, ओठ बरे. निघताना घातले, पुन्हा निळे. आणि मधली बारा वर्षं? कापडी बूट!

आता माणसाने सरळ डॉक्टरकडे जावं. पण आमच्या धंद्यात नवीन रंग आधी चिंधीवर लावून बघतात, मग बुटावर. मी म्हटलं, खात्री नको? आणि चिंधी दुसरी कुणाची वापरणार? खाली गेले, माझ्या मापाचा एक जोड काढला, चांगला ओलाचिंब काळा केला, पातळ मोजे चढवले आणि पाय घातले. समोर आरसा ठेवला. नऊ वाजता घातले. दहा वाजता काही नाही. गिऱ्हाइकं आली, गेली. साडेदहाला डोकं जड. अकराला आरशात बघितलं तर खालचा ओठ उगाच शाई लागल्यासारखा. मला असा आनंद झाला म्हणून सांगू! आरशाला म्हटलं, "सापडलास!"

मग नखांकडे बघितलं. निळसर. पण ती कालही तशीच होती. परवाही. वीस वर्षं मी म्हणत आले, रंगवणारीची नखं ती, अशीच असायची. आणि रोज संध्याकाळी डोक्याला फडकं बांधून बसायचे ती डोकेदुखी? मी गिऱ्हाइकांच्या नावाने बोटं मोडायचे. गिऱ्हाइकांचा काही दोष नव्हता.

जेवायच्या सुट्टीत हळू आला आणि मला बघून किंचाळलाच. "आई, तुझं तोंड!"

"माहितेय," मी म्हटलं. "तुझ्या तपासणीचा कागद घे, तो डबा घे, आणि रिक्षा बोलाव. हे बूटही घे पिशवीत बांधून."

डॉक्टरीण एवढीशी मुलगी, चष्मा नाकावरून घसरणारा. तिने माझं रक्त काढलं, बघितलं, तेच तपकिरी. मी डबा टेबलावर ठेवला. तिने झाकण उघडलं, तोंड फिरवलं आणि नाव वाचून जवळजवळ उडीच मारली. "ॲनिलिन! मावशी, हे कातडीतून आत जातं. रक्तात गेलं की रक्ताला हवा धरता येत नाही. तुम्ही हे पायात घालून बसलात? मुद्दाम?"

"चिंधीवर लावून बघितलं," मी म्हटलं.

ती मला बराच वेळ रागावली. रागावता रागावता सुई भरली. आतलं औषध गडद निळं. मी म्हटलं, "निळ्यावर निळंच?" तर हसली. "हाही एक रंगच आहे, मावशी. याच डांबराच्या घराण्यातला. पण हा रक्त पुन्हा ताळ्यावर आणतो." काट्याने काटा काढतात म्हणतात, तो असा. अर्ध्या तासात माझे ओठ माणसांत आले. पुढचे दोन दिवस संडासात हिरवंगार दिसत होतं ते मात्र कुणी आधी सांगायला हवं होतं.

हळू तर हवेत होता. सारखा छातीवर हात ठेवून बघायचा, जणू आजच बसवून मिळालंय. डॉक्टरणीने त्याचा फॉर्म पुढे ओढला. "तुझं सगळं स्वच्छ आहे. आठ दिवसांनी ये, पुन्हा रक्त बघते, सही करते. राहिला हा वडिलांचा रकाना. वडीलही हेच काम करायचे ना? त्यांच्या अंगावर हे तेल कधी सांडलं होतं का?"

"सांडलं होतं का काय?" हळू मोठ्याने हसला. "डॉक्टर, तो तर आमच्या घरचा गाजलेला किस्सा आहे! बाबांनी पांढरी पँट घेतली होती, नवी. आणि पातेलं पडलं मांडीवर. बाबा बसले डोक्याला हात लावून. तर आई काय म्हणाली माहितेय? आई म्हणाली, रडतोस काय, ऊठ, सगळीच..."

आणि तो थांबला.

तोंड उघडंच राहिलं त्याचं. माझ्याकडे बघेना. डॉक्टरीण आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होती, तिला काही कळलं नव्हतं. कुणीतरी ते वाक्य पुरं करायला हवं होतं, आणि ते वाक्य माझं होतं.

"सगळीच काळी करून टाकू," मी म्हटलं. "असं मी म्हणाले होते. तो काढत होता पँट. मी काढू दिली नाही. अंगावरच रंगवली, दोन्ही पाय, पुढून मागून. त्या दिवशी संध्याकाळी गेला."

डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. दबक्या आवाजात विचारलं, "किती वेळ होती अंगावर?"

"सकाळी अकरापासून शेवटपर्यंत."

"दारू?"

"दोन पेले."

ती म्हणाली, दारूने हे विष आणखी चढतं, पण तुम्हाला कुठून माहीत असणार, घरी आलेल्या डॉक्टरलाही कळलं नाही. खरंच होतं ते. पण मला काय वाटत होतं ते सांगते, झाकून काय करू? माझ्या पोराचं हृदय चांगलं आहे याचा आनंद छातीत मावत नव्हता, आणि त्याच छातीत दुसरी गोष्ट बसली होती, की तो पडलेला डाग धुऊन टाकला असता, पँट काढून फेकली असती, तर नवरा आज माझ्याशी भांडत असता. एकोणीस वर्षं मी हा किस्सा सांगून लोकांना हसवलं. दारात टाळ्या वाजवणाऱ्या त्या दोन गिऱ्हाइकांचे चेहरेसुद्धा मला आठवतात.

"लिहा," मी डॉक्टरणीला म्हटलं. "हार्ट खोडा आणि खरं काय ते लिहा. खाली मी सही करते."

तिने खोडलं. वर लिहिलं. मी सही केली.

बसमध्ये हळू खिडकीबाहेर बघत बसला. मी त्याला काय सांगू, माफ कर म्हणू? चार वर्षांचा होता तो. बापाचा चेहरा त्याने फोटोत बघितलाय, आणि बाकी सगळा बाप माझ्या त्या किश्श्यातून ऐकलाय.

इमारतीच्या दारात आलो. जिन्यापाशी तो क्षणभर थांबला, कठड्याला हात लावला, आणि एकदम पळत सुटला. वर! दोन दोन पायऱ्या, धाड धाड धाड. माझ्या तोंडात बारा वर्षांचा शब्द आला, अगदी ओठांपर्यंत आला, आणि मी दात आवळून तो आत ठेवला. पहिला मजला. दुसरा, स्टूल बाजूला ढकलल्याचा आवाज. तिसरा. शेजारणीने दार उघडून "कोण पळतंय? कुणाला काय झालं?" असं विचारलेलं ऐकू आलं. मग चौथा. मग काही नाही.

माझ्यावर चिडला होता, की नुसता पळाला, मला माहीत नाही. मी आपली एक एक पायरी चढत निघाले. दुसऱ्या मजल्यावर पाय उचलेनात. स्टूल आडवं पडलं होतं ते उभं केलं आणि त्यावर बसले. एवढ्या वर्षांत मी त्यावर पहिल्यांदा बसले. त्याचा एक पाय आखूड, सारखं डुगडुगत होतं, पोराने कधी सांगितलंही नाही.

वरून पावलं आली. पळतच. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला, घामाने डबडबलेला, छाती भात्यासारखी वरखाली, बोलायला श्वास नाही. मी आधी त्याचे ओठ बघितले. सवयच ती. लाल होते, रसरशीत लाल. डोळेही लाल होते.

तो माझ्या पायाशी पायरीवर बसला. श्वास जरा खाली आल्यावर म्हणाला, "आई, तू किश्श्यात नेहमी तू काय म्हणालीस तेवढंच सांगतेस. बाबा काय म्हणाले ते कधी सांगितलं नाहीस. तू रंगवत होतीस तेव्हा ते काहीच बोलले नाहीत?"

मला आठवायला वेळ लागला नाही. ते एक वाक्य मी कधी कुणाला दिलं नव्हतं, माझ्याजवळच ठेवलं होतं.

"म्हणत होता, पुरे गं, गुदगुल्या होतायत," मी म्हटलं. "आणि हसत होता. सगळा वेळ हसत होता."

हळूने माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. आम्ही तिथेच बसून राहिलो, आणि शेजारीण वरून विचारत होती की खाली सगळं ठीक आहे ना.